टिंबांचा अपराध

जुन्या प्रार्थनापुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे शब्द पाहून आजची शाळकरी मुले म्हणतात, ‘पूर्वीच्या लोकांना शुद्धलेखन येत नव्हते.’ हा आरोप आम्हांस बोचतो, कारण त्यास इतिहासाचा आधार नाही.

१९६२ पूर्वी टिंब गाळणे हीच चूक होती. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नवे नियम ठरविले, महाराष्ट्र शासनाने ते स्वीकारले, आणि उच्चारात न उरलेले अनुस्वार गेले. ‘कवि’चा ‘कवी’ही तेव्हाच झाला, समासात मात्र ‘कविराज’ ऱ्हस्वच राहिला. (येथे पदवीधरही अडखळतात!)

ती टिंबे केवळ शोभेची नव्हती. ‘तें घर’ आणि ‘ते लोक’ यांतील लिंगवचनाचा भेद एका टिंबाने दिसे. आज दोन्हीकडे ‘ते’च. कोकणीत तो नाकातील उच्चार अजूनही ऐकू येतो. लेखन सोपे झाले हे आम्ही मानतो, परंतु आजोबांच्या पत्राला ‘अशुद्ध’ म्हणणे अन्यायाचे आहे.

याच नियमांत एक तरतूद आहे, ती फारसे कोणी वाचत नाही : केशवसुतांपूर्वीचे पद्य छापताना मुळाप्रमाणेच छापावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्यामुळे सुधारकांच्या लेखणीपासून सुरक्षित आहे. अर्थात, १६१६ साली राशोल येथे ते प्रथम छापले गेले, तेव्हा देवनागरी खिळ्यांअभावी त्यातील मराठी ओव्या रोमन अक्षरांत उतरल्या होत्या.