परळची शवविच्छेदन-नोंद व तिचा नगर जिल्ह्यास बोध

प्राण्याचे शव एकदाच उघडता येते. पुढील संशोधकाच्या हाती उरते ती केवळ नोंद. ही नोंद कशी ठेवावी या प्रश्नाचे महत्त्व मुंबईच्या प्लेग-संशोधनाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

1896 साली मुंबईत प्लेग प्रकट झाला व थोड्याच अवधीत दख्खनच्या जिल्ह्यांत पसरला. 1899 मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. पिसवा हा रोग वाहतात, असे सिमों यांनी 1898 मध्येच प्रतिपादिले होते. परंतु ते सर्वमान्य झाले नव्हते. 1905 साली नेमलेल्या प्लेग-संशोधन मंडळाने परळ येथे या वादाचा निकाल लावण्याचे कार्य हाती घेतले. शहरातून गोळा केलेल्या उंदरांचे शवविच्छेदन तेथे फार मोठ्या प्रमाणावर होऊ लागले.

या नोंदीचे वैशिष्ट्य असे की, उंदीर 'रोगी' की 'निरोगी' एवढ्यावरच ती थांबली नाही. गाठ कोणत्या जागी आहे, यकृताचे स्वरूप कसे आहे, फुप्फुसाभोवती द्रव साचला आहे काय, त्वचेखाली रक्त उतरले आहे काय, या गोष्टी पृथक्पणे पाहिल्या गेल्या. पुढे याच तपशिलाने निर्णायक पुरावा पुरविला. दूषित अन्न खाऊ घातलेल्या उंदरांत आतड्यांत व त्यांलगतच्या ग्रंथींत विकृती आढळे. उलट निसर्गतः रोग जडलेल्या उंदरांत गाठ बहुधा मानेत असे. अर्थात अन्नमार्गाने रोग पसरतो ही कल्पना टिकणे कठीण झाले व पिसवांच्या दंशाकडे लक्ष वेधले गेले. केवळ रोगाचे नाव लिहून ठेवले असते, तर हा निष्कर्ष त्या नोंदींतून कदापि निघाला नसता.

दुसरा लाभ काळ, स्थळ व जाती यांच्या नोंदीमुळे झाला. प्रथम गटारांतील मोठ्या उंदरांत, नंतर घरातील काळ्या उंदरांत व त्यानंतर मनुष्यांत, अशा क्रमाने साथीच्या लाटा येतात, हे तारखा जुळविल्यानेच उघड झाले.

तथापि अशी नोंद जतन करणे म्हणजे केवळ कागद सांभाळणे नव्हे. त्या काळचा 'मुस डेक्युमॅनस' आज 'रॅटस नॉर्व्हेजिकस' म्हणून ओळखला जातो, आणि प्लेगचा जंतू 'बॅसिलस', 'पाश्चुरेला' अशा नावांतून 'यर्सिनिया'पर्यंत आला आहे. जुन्या व नव्या संज्ञांची तुलनात्मक सूची जोडली नाही, तर उत्तम दप्तरही मुके होते. मात्र मूळ शब्द पुसून नवा शब्द घालणे हाही तितकाच मोठा दोष होय. कारण त्यामुळे निरीक्षण कोणते व नंतरचा अर्थ कोणता, हा भेदच नाहीसा होतो.

या विवेचनाचा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. राहुरी येथील कृषी विद्यापीठ 1968 साली स्थापन झाले व गीर गाईंच्या संकराचे दीर्घकालीन कार्य तेथे झाले. दुग्धव्यवसायावर असंख्य कुटुंबे अवलंबून असलेल्या या जिल्ह्यास 2022 साली लम्पी त्वचारोगाची झळ बसली. आता जनावराच्या कानातील बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. परंतु क्रमांक म्हणजे ओळख. ते विकृतीचे वर्णन नव्हे. त्या क्रमांकाशी शवविच्छेदनातील प्रत्यक्ष निरीक्षणे, तारीख, गाव, ऊतींचे नमुने व परीक्षकाचा अभिप्राय पृथक् रकान्यांत जोडले गेले पाहिजेत. विकृती न आढळल्यास तसेही नमूद व्हावयास हवे. रिकामा रकाना 'आढळले नाही' असे सांगत नाही, 'पाहिले की नाही' हेही सांगत नाही.

परळच्या परीक्षकांनी गाठीची जागा लिहून ठेवली म्हणून संक्रमणाचा मार्ग सापडला. आज गोठ्यात मेलेल्या जनावराविषयी आपण जे लिहून ठेवू, त्यावरच पुढील साथीच्या वेळी पशुपालकास वेळीच सावध करणे अवलंबून राहील.