विमानं म्हातारी, शाळा नवी

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. त्यामुळे गोव्याला बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात सी हॅरिअर अगदी समोर दिसलं, तेव्हा बराच वेळ हललोच नाही. घरी येऊन वाचत बसलो आणि अडकलो ५५२ नंबरच्या स्क्वाड्रनपाशी.

सी हॅरिअर १९८३ साली दाबोळीला आली. जेट असूनही हे विमान जहाजावर तरंगत उभंच्या उभं उतरायचं. इंजिनाची चार नळकांडी खाली वळवायची, की झालं! बोलायला सोपं आहे हो. चुकलं तर सावरायला सेकंदच मिळायचे. आपल्या तीसेक विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली, काही वैमानिकही गेले.

सुरुवातीचे वैमानिक इंग्लंडमध्ये शिकले. नंतर गोव्यातच ५५१ स्क्वाड्रनच्या एका तुकडीत शिकवणं सुरू झालं. २००५ साली तिचीच स्वतंत्र ५५२ झाली. पण पुढच्याच वर्षी खुद्द ब्रिटिश नौदलाने आपली सी हॅरिअर निवृत्त केली. म्हणजे शाळा नवी आणि विमान जायच्या वाटेवर!

११ मे २०१६ ला आपलीही सी हॅरिअर निवृत्त झाली. लढाऊ ३०० स्क्वाड्रनला मिग-२९के मिळालं, तिचा पांढरा वाघ टिकला. हॅरिअरची शाळा मात्र हॅरिअरबरोबरच संपली.

आमच्या आयटीत याला उशिरा आलेलं ट्रेनिंग म्हणतात, आणि लोक हसतात. मला हसू आलं नाही. पडलेली विमानं मोजता येतात. तिथे शिकून सुखरूप उतरलेले कोण मोजणार?