पेला आणि पगार

दारूच्या विषयावर बोलावयास कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, तर श्रोत्यांत थोडी कुजबुज होणारच. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारात संसार अडकलेले आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हा मद्याची थोरवी गाण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु एका पेयामागे मजुरीचा जो इतिहास दडला आहे, तो आपण सर्वांनी जाणून घ्यावा असा आहे.

या पेयाचे नाव ब्राउन एल. म्हणजे तपकिरी रंगाची विलायती बिअर. लहान भट्टीत थोड्या प्रमाणात केलेली, जिला आज ‘क्राफ्ट’ म्हणतात अशी ब्राउन एल मी गेल्या वर्षी पुण्यात पहिल्यांदा चाखली. जिभेवर आधी आली ती भाकरीच्या खरपूस पापुद्र्याची चव. मागाहून काकवीसारखा किंचित गोडवा आणि शेवटी बेताचा कडवटपणा. याचे मर्म धान्यात आहे. आपल्याकडे नाचणीला मोड आणतात, ती वाळवतात आणि तिचे सत्त्व करतात. तसेच तिकडे जवाला मोड आणून तो भट्टीत सुकवतात. त्याला माल्ट म्हणतात. आच मंद असली तर माल्ट फिका राहतो, कडक असली तर तपकिरी होतो. रंग आणि खरपूसपणा आचेचा. कडवटपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा.

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये याच तपकिरी माल्टची एक गडद बिअर लोकप्रिय झाली. रस्त्यावरचे व नदीकाठचे हमाल ती आवडीने पीत, म्हणून तिला ‘पोर्टर’, म्हणजे हमाल, हेच नाव पडले. राल्फ हारवुड नावाच्या एका मद्यकाराने १७२२ साली ती शोधून काढली, अशी कथा पुढे सांगितली जाऊ लागली. पण तिला त्या काळचा आधार सापडत नाही. शोध लावणाऱ्याचे नाव असे संशयास्पद राहिले. पिणाऱ्यांचे नाव मात्र बिअरला कायमचे चिकटले.

आता हा हमाल ती बिअर कशी पीत असे ते पाहू. न्यूकॅसलकडून कोळशाची गलबते थेम्स नदीत येत. तो कोळसा उपसणाऱ्या मजुरांना ‘कोल-व्हिपर’ म्हणत. टोळी नऊ जणांची. चौघे गलबताच्या पोटात टोपल्या भरीत, चौघे वर दोर धरून पायऱ्या चढत व एकदम खाली उडी घेत, म्हणजे त्यांच्या अंगाच्या भाराने टोपली वर येई. नववा ती रिकामी करी. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८४९-५० च्या सुमारास ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ पत्रात लंडनच्या श्रमिकांची जी हकीकत लिहिली, तीत हे सारे आले आहे.

पण खरी गोम काम मिळण्यात होती. टोळ्या ठरविण्याचे काम नदीकाठच्या गुत्तेवाल्यांच्या हाती होते. जो त्यांच्या गुत्त्यात अधिक पिईल, त्याला काम आधी. मजुरीही तेथेच वाटली जाई, अर्थात उधारी कापून. म्हणजे तहान लागली म्हणून मजूर पीत होता असे नव्हे. उद्या काम मिळावे म्हणून तो पीत होता. पेला हा त्याच्या नोकरीचा परवाना होता. अशा माणसाला व्यसनी म्हणून उपदेश करणे सोपे असते. त्याची मजुरी गुत्त्याच्या बाहेर आणणे अवघड असते.

ते काम कायद्याने केले. खाणकामगारांची मजुरी गुत्त्यात वाटण्यास १८४२ च्या खाण कायद्याने बंदी घातली. १८४३ मध्ये ग्लॅडस्टन व्यापारमंडळाचे प्रमुख असताना कोल-व्हिपरांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यांची नोंद करून कामावर लावणारी कचेरी निघाली आणि गुत्तेवाल्याची मध्यस्थी तुटली. मात्र हा कायदा मुदतीचा होता. १८५६ मध्ये तो संपला. सर्वसाधारण मजुरांना गुत्त्यात पगार देण्यास मनाई करणारा कायदा व्हावयास १८८३ साल उजाडावे लागले. म्हणजे जी गोष्ट न्याय्य आहे हे १८४२ साली सरकारला पटले होते, ती सर्वांपर्यंत पोहोचावयास एकेचाळीस वर्षे लागली!

ही कथा आपल्याला परकी वाटू नये. आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यामागचे तत्त्व तेच आहे. कामगाराची नोंद मंडळाकडे, कामाची वाटणी मंडळाकडून, मालकाने मजुरी भरावयाची तीही मंडळात. मुकादमाच्या मर्जीवर आणि मेहेरबानीवर हमालाची चूल पेटू नये, एवढाच त्याचा अर्थ. अशी मंडळे म्हणजे सरकारी कटकट, असे कोणी म्हणू लागले, तर त्याला थेम्सकाठचा गुत्ता दाखवावा.

पुढे १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. फिक्या माल्टात थोडा भाजका घालून गडद रंग आणता येऊ लागला. ज्या न्यूकॅसलहून कोळसा येई, तेथेच १९२७ साली एक ब्राउन एल बाटलीत भरून विक्रीस आली आणि जगभर गेली. आता शहराशहरांतल्या लहान भट्ट्या तिला नव्याने रूप देत आहेत. करणाऱ्यांचे कसब वादातीत आहे. परंतु त्या पेल्याचा दर पाहिला, की हमालांच्या कुळातले हे पेय आज हमालाच्या खिशाबाहेर गेले आहे हेही दिसते.

त्याने ते प्यावे असे माझे म्हणणे नाही. प्यावे की न प्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरविण्याचा अधिकार हातात रोख मजुरी असलेल्यालाच असतो. ती मजुरी पुरती आणि वेळेवर त्याच्या हाती पडते की नाही, हे पाहणे मात्र आपल्या सर्वांचे काम आहे.