इंजिन सेन्सरमधील फेरफार

इंजिन सेन्सरमधील फेरफार म्हणजे सेन्सरच्या तारेत स्वस्त रोधक जोडून इंजिन नियंत्रकाला चुकीचे मापन पुरवण्याची पद्धत होय. पेट्रोल मोटारीची शक्ती वाढवण्यासाठी ती वापरली जाते. त्यासाठी बहुधा आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर निवडतात. थंड हवेत या सेन्सरचा रोध वाढतो; म्हणून एकसर जोडणीत रोधक घातल्यास नियंत्रक हवा थंड व दाट समजून अधिक इंधन सोडतो. सिलिंडरमधील ऑक्सिजन मात्र तेवढाच राहतो. नेहमीच्या चालीत निकास नळीतील ऑक्सिजन सेन्सर जादा इंधन ओळखतो व नियंत्रक ते कमी करतो.

भोर–महाड मार्गावरील वरंध घाटासारख्या चढणीवर हा फरक महत्त्वाचा ठरतो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १०० मीटर उंचीला सुमारे १ टक्क्याने घटते. कारण हवा विरळ होते. तापमानाच्या खोट्या मापनाने ती दाट होत नाही. पूर्ण भारावर मात्र नियंत्रक ऑक्सिजन सेन्सरनुसार दुरुस्ती करत नाही. त्यामुळे इंधन वाया जाते, उत्प्रेरक परिवर्तक तापतो आणि ठिणगी वेळेआधी पडल्यास पिस्टनला इजा होऊ शकते. चढणीवर खालचा गिअर व स्वच्छ एअर फिल्टर अधिक उपयोगी ठरतात.