दोघांचें एक मन

मनुष्य हा विचारपूर्वक निर्णय करणारा प्राणी आहे, ही पंडितांची जुनी समजूत. तिला धक्का देणाऱ्या दोघां मानसशास्त्रज्ञांचे स्वभाव मात्र दोन टोकांचे होते. डॅनियल काहनेमन यांचें बालपण जर्मनव्याप्त फ्रान्समध्यें लपतछपत गेलें. स्वतःच्या मताविषयींहि ते सदा साशंक असत. अमोस ट्वर्स्की हे हैफाचे, शौर्याबद्दल गौरविलेले छत्रीधारी सैनिक आणि आत्मविश्वासाचे पुतळे.

१९६९ सालीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत काहनेमन यांनीं आपल्या वर्गापुढें बोलण्यास ट्वर्स्कींना पाचारण केलें. सामान्य माणूस संभवाचा अंदाज बराच बरोबर बांधतो, असें प्रतिपादन ट्वर्स्कींनीं केलें. काहनेमन यांना तें मुळींच पटलें नाहीं. या वादांतूनच स्नेह जुळला. एक पहाटे उठणारा, दुसरा रात्रीं जागणारा; म्हणून दोघे दुपारच्या भोजनाला भेटत व तासन् तास हास्यविनोदांत काम करीत. दिवसाकांठीं एकदोन वाक्यें साधलीं तरी समाधान वाटे. पहिल्या निबंधावर कोणाचें नांव आधीं, हें त्यांनीं नाणें उडवून ठरविलें.

त्यांचा एक प्रश्न असा: मोठ्या रुग्णालयांत रोज सुमारें ४५ बालकें जन्मतात, लहानांत १५. शेंकडा ६० हून अधिक मुलगे जन्मल्याचे दिवस वर्षांत कोठें अधिक? निम्म्याहून अधिक लोकांनीं 'दोन्हीकडे सारखेच' असें सांगितलें. खरें उत्तर लहान रुग्णालय. कारण संख्या जितकी थोडी, तितकी सरासरीपासून चलबिचल मोठी. अशा चुका संख्याशास्त्र जाणणारेहि करतात आणि त्या चुकांना ठराविक वळण असतें, हें त्यांच्या १९७४ च्या निबंधाचें सार. लाभाच्या सुखाहून तेवढ्याच हानीचें दुःख अधिक, हें त्यांनीं १९७९ सालीं दाखविलें.

पुढें ट्वर्स्की अमेरिकेंत, काहनेमन कॅनडांत गेले. जग ट्वर्स्कींचा अधिक गौरव करूं लागलें. १९८४ सालचें मॅकआर्थर पारितोषिकहि त्यांनाच मिळालें. कोणता विचार कोणाचा, हा प्रश्न नाण्यानें सुटणारा नव्हता. काहनेमन यांच्या मनांत सल राहिला व स्नेह विरळ झाला. परंतु असाध्य दुखणें कळतांच दोघे पुन्हां एका ग्रंथाच्या संपादनांत गुंतले. २ जून १९९६ रोजीं, वयाच्या ५९ व्या वर्षीं, ट्वर्स्की निवर्तले. ग्रंथ २००० सालीं निघाला.

२००२ सालीं काहनेमन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तें मृतांस देत नाहींत. हें कार्य दोघांचें आहे, असें त्यांनीं तेव्हां स्पष्टपणें सांगितलें, आणि २०२४ सालीं निधन होईपर्यंत तें सांगणें सोडलें नाहीं.