बॅटऱ्यांची एकसर जोडणी : दाब वाढवताना घ्यावयाची दक्षता

टॉर्चमध्ये दीड व्होल्टचे दोन सेल एकामागे एक बसवले, की तीन व्होल्ट मिळतात. एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास जोडण्याच्या या पद्धतीस एकसर जोडणी म्हणतात. इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये जाहीर केलेल्या घटमालेचे तत्त्वही हेच होते. मोठ्या घरगुती इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांतून २४, तर शिसे-आम्ल बॅटऱ्यांवरील ई-रिक्षेला चार बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट मिळतात.

या जोडणीत विद्युतदाबाची बेरीज होते, अँपिअर-तासांची होत नाही. १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या, तरी क्षमता १०० अँपिअर-तासच राहते.

धोक्याचे मूळ निराळेच आहे. साखळीतील प्रत्येक बॅटरीतून सारखाच प्रवाह वाहतो. त्यामुळे दुबळी बॅटरी आधी रिकामी होते; इतर बॅटऱ्या मात्र तिच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. तिच्यातील घटांची ध्रुवता उलटून ते कायमचे निकामी होऊ शकतात. चार्जिंगच्या वेळी तीच बॅटरी आधी भरते आणि अतिभारित होते. अशा वेळी शिसे-आम्ल बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो, तर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणूनच जोडावयाच्या बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, बनावटीच्या, क्षमतेच्या व वयाच्या असाव्यात. जोडण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करावी. जुनीच्या जोडीला नवी बसवू नये. २४ व्होल्टच्या संचातील एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचे उपकरण चालवणेही टाळावे. त्याने समतोल बिघडतो.

लिथियम बॅटरी संचात संरक्षक परिपथ असतो. त्याने प्रवाह तोडताच संपूर्ण साखळीचा दाब त्याच्या स्विचवर येतो. तेवढा दाब सोसण्याची क्षमता नसल्यास तो जळतो आणि संरक्षणच संपते. उत्पादकाने एकसर जोडणीस परवानगी दिली असेल, तरच आणि तेवढेच संच जोडावेत.

पॉवर बँक मुळीच एकसर जोडू नयेत. त्यांतील सुमारे ३.७ व्होल्टचा दाब इलेक्ट्रॉनिक परिपथ ५ व्होल्टपर्यंत चढवतो. एकसर जोडलेल्या दोन पॉवर बँका एकाच चार्जरला लावल्यास, दोघींची ऋण टोके चार्जरमधून एकत्र येऊन शॉर्ट सर्किट होऊ शकते. अधिक दाब हवा असल्यास यूएसबी पॉवर डिलिव्हरीची सोय असलेली पॉवर बँक घ्यावी. या मानकात २० व्होल्टपर्यंत, तर २०२१ च्या आवृत्तीनुसार ४८ व्होल्टपर्यंत दाबाची तरतूद आहे. उपकरणाला लागणारा दाब व वॅट मात्र आधी पडताळून पाहावेत.

जोडणी करताना अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि विद्युतरोधक मुठीची हत्यारे वापरावीत. बॅटरीच्या टोकाजवळच योग्य क्षमतेचा, डीसीसाठी बनवलेला फ्यूज बसवावा. डीसी प्रवाह एसीप्रमाणे क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्याने त्याची ठिणगी सहज विझत नाही. फुगलेली, गळणारी किंवा तापणारी बॅटरी साखळीत ठेवू नये; एकसर जोडणीत एकीचा दोष सर्वांना भोवतो.