आठ रंग, ऐंशी रकाने आणि अब्बांची पत्रं

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांच्या उर्दू पत्रांची पेटी माझ्याकडे आली. प्रत्येक पत्राचा फोटो काढला आणि फाईलला लिहिणाऱ्याचं नाव उर्दूतच दिलं. मग लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या त्या काळ्या खिडकीत, यादी उघडली. ‘सलीम’ हे नाव सीन, लाम, ये, मीम असं सुटं सुटं, तेही डावीकडून उजवीकडे दिसलं. फोल्डरची नावं काळ्यावर गडद निळी. वाचताना डोळे ताणावे लागत.

रंग अर्ध्या तासात बदलले. अक्षरांनी तीन आठवडे घेतले. असं का, हे शोधताना या खिडकीचा इतिहास हाती लागला.

ही खिडकी एका जुन्या यंत्राची नक्कल आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं ‘व्हीटी१००’ आणलं. कीबोर्ड, काचेचा पडदा आणि मोठ्या संगणकाकडे जाणारी तार, एवढाच त्याचा संसार. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं. हा ८०चा आकडा आणखी जुना. आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावर तेवढेच रकाने होते. १९८४ मध्ये ‘एक्सटर्म’ हा प्रोग्राम लिहिला जाऊ लागला आणि यंत्राची खिडकी झाली. रकाने तसेच राहिले.

‘व्हीटी१००’ला रंग नव्हते. १९८३च्या ‘व्हीटी२२०’मध्ये पांढरा, हिरवा किंवा अंबर पडदा मिळे, पण ती निवड विकत घेतानाच करायची, कारण रंग काचेच्या आतल्या लेपाचा असे. आज तरुण पोरं हौसेनं काळ्यावर हिरवी अक्षरं लावतात, ती त्या लेपाचीच आठवण.

पुढे प्रमाण संकेतांत आठ रंगांना ३० ते ३७ क्रमांक मिळाले. आठच का? लाल, हिरवा, निळा हे तीन दिवे, प्रत्येक चालू किंवा बंद. दोन गुणिले दोन गुणिले दोन. गंमत अशी की ३४ म्हणजे ‘निळा’ एवढंच ठरलं. कोणता निळा, हे प्रत्येक प्रोग्रामवर सोडलं. माझा न वाचता येणारा निळा याच सैलपणातून आला, आणि उपायही तिथेच होता. इथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये ‘सोलराइझ्ड’ नावाची १६ रंगांची जुळणी लोकांसमोर ठेवली. मी ती लावली. डोळे निवले.

फॉन्टमध्ये असा सैलपणा नाही. इथे प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीचा चौकोन. रोमन लिपी टाईपरायटरमुळे या शिस्तीला सरावलेली. आपली मराठीही इथे अडते. ‘कि’ची वेलांटी संगणकाच्या स्मृतीत क-नंतर असते, पडद्यावर क-आधी यायला हवी. ‘क्ष’ हा आत क, हलन्त आणि ष असा तिघांचा. डॉसच्या काळात भारतीय लिप्या पडद्यावर आणायला पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवावं लागे.

उर्दूचं दुखणं याहून खोल. शब्दात जागा बदलली की अक्षराचा आकार बदलतो. शिवाय नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे तिरपा उतरतो, अक्षर अक्षराच्या खांद्यावर बसतं. त्याला चौकोन कुठला द्यायचा? म्हणून तर उर्दू दैनिकं कातिबांच्या हातानं लिहिली जात होती. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरातल्या हजारो जोडरूपांवरून ‘नूरी नस्तालीक’ तयार झालं आणि पाकिस्तानचं ‘जंग’ दैनिक संगणकावर जुळवलं जाऊ लागलं. अक्षरं तोडण्याऐवजी अख्खे जोड लिहून देणं, हा कातिबाचाच तोडगा होता. मला तो या साऱ्या इतिहासातला सगळ्यात हुशार वाटतो.

शेवटी ‘एमएलटर्म’ हा बहुभाषी टर्मिनल सापडला. त्यात उजवी-डावी दिशा आणि अरबी जोडणी दोन्ही येतात. ‘सलीम’ जोडला गेला, पण नस्ख वळणात, सरळ रेषेवर. अब्बांच्या मित्राच्या सहीतला तो उतार फोटो उघडल्यावरच दिसतो.

फाईलींची नावं मी बदललेली नाहीत.